यंत्राला न सांगितलेले
वाचकांचे प्रश्न आणि एका प्रोग्रॅमरची उत्तरे

संगणकाच्या रोजच्या वापरात पडणारे प्रश्न पाठवावेत, असे आवाहन गेल्या अंकात केले होते. आलेल्या पत्रांचे विषय वेगवेगळे असले, तरी पुष्कळांच्या मागे एकच नवल होते, की हिशेबात इतके काटेकोर असलेले हे यंत्र व्यवहारात असे विक्षिप्त का वागते. गेली २२ वर्षे प्रोग्रॅम लिहिताना आणि दुरुस्त करताना माझे एक मत पक्के झाले आहे. दोन माणसे बोलतात, तेव्हा ‘हे तर उघडच आहे’ असे धरून निम्म्या गोष्टी न बोलताच समजून घेतल्या जातात. यंत्राला मात्र उघड असे काहीच नसते, आणि सांगायचे राहून गेलेले नेमके नको त्या वेळी समोर येते. खालील उत्तरांत ही गोष्ट वारंवार येईल, कारण मला ती मनापासून महत्त्वाची वाटते.

प्रश्न : संगणक अडला की घरातली मुले ‘बंद करून पुन्हा चालू करा’ एवढेच सांगतात, आणि बहुतेक वेळा तो चालतोही. हा खरा उपाय आहे की पळवाट? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : बाई, हा उपायच आहे, तो का लागू पडतो, एवढेच मुलांनी आपल्याला सांगितलेले नाही. चालू असलेला प्रोग्रॅम स्वतःजवळ असंख्य बारीकसारीक नोंदी ठेवत असतो: कोणती फाईल उघडी आहे, कोणाच्या उत्तराची वाट पाहायची आहे, मेमरीतली किती जागा मागून घेतली आहे. एखाद्या ठिकाणी मागून घेतलेली जागा परत करण्याची सूचना लिहायची राहिली असेल, तर दर खेपेस थोडी थोडी जागा अडत जाते आणि काही दिवसांनी यंत्र मंदावते. याला आम्ही मेमरी लीक म्हणतो. कधी एकाच प्रोग्रॅमचे दोन भाग एकमेकांची वाट पाहत थांबतात. दारात समोरासमोर आलेल्या दोन सभ्य माणसांनी ‘आधी तुम्ही’ म्हणत उभे राहावे, आणि कोणीच हलले नाही तर काय करायचे हे दोघांनाही कोणी शिकवलेले नसावे, तशी ही अवस्था असते. तिचे नाव डेडलॉक. यंत्र बंद केले की या साऱ्या नोंदी पुसल्या जातात आणि ते आरंभीच्या अवस्थेत येते. ही अवस्था सर्वांत भरवशाची असते, कारण प्रोग्रॅम लिहिणारा तो दिवसातून कितीतरी वेळा नव्याने सुरू करून पाहत असतो. तोच प्रोग्रॅम सलग तीन आठवडे चालल्यावर कसा वागेल, हे पाहायला मात्र तीन आठवडेच लागतात.

या उपायाचे मला सर्वांत आवडते उदाहरण चंद्रावरचे आहे. २० जुलै १९६९ रोजी अपोलो ११ चे चांद्रयान उतरत असताना त्याच्या संगणकाने १२०२ आणि नंतर १२०१ या क्रमांकांचे इशारे दिले. अर्थ असा होता, की हाती घेतलेली कामे वेळेत आटोपत नाहीत आणि नवीन कामांना जागा उरलेली नाही. त्या क्षणी गरज नसलेल्या एका रडारचे संकेत संगणकाचा वेळ खात होते. बदलता मजकूर ठेवायला त्या संगणकात फक्त २,०४८ शब्दांची मेमरी होती. हे ‘शब्द’ म्हणजे भाषेतले शब्द नव्हेत, प्रत्येकी एकेक संख्या मावेल असे कप्पे. अमेरिकेतील एमआयटी या विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत ज्यांनी हे सॉफ्टवेअर लिहिले, त्यांच्या प्रमुख मार्गारेट हॅमिल्टन होत्या. कामे तुंबली तर संगणकाने सगळे सोडून नव्याने सुरुवात करावी, आणि यान उतरवण्यासारखी महत्त्वाची कामे नोंदवून ठेवलेल्या टप्प्यापासून पुढे न्यावीत, अशी तजवीज त्या मंडळींनी आधीच करून ठेवली होती. उतरण्याच्या त्या काही मिनिटांत संगणकाने असा पुनरारंभ एकदा नव्हे, अनेकदा केला, आणि यान उतरले. ‘असे कधी होणार नाही’ असे धरून न चालता ‘झाले तर काय’ हे कोणीतरी शांतपणे लिहून ठेवले होते; चंद्रावरच्या पावलाइतकेच मला याचे अप्रूप वाटते.

पळवाट तेव्हा होते, जेव्हा तोच संगणक दर आठवड्याला त्याच कामाच्या वेळी अडतो आणि तरीही आपण केवळ बटण दाबत राहतो. तसे होत असेल, तर अडण्याआधी आपण काय करत होतात, पडद्यावर नेमके काय दिसले आणि काय दिसायला हवे होते, या तीन गोष्टी कागदावर लिहून ठेवाव्यात. दुरुस्त करणाऱ्याला ‘चालत नाही’ या दोन शब्दांपेक्षा तो कागद कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

प्रश्न : फाईल उतरवताना ‘९९ टक्के पूर्ण’ पटकन येते आणि शेवटच्या एका टक्क्याला आधीच्या ९९ टक्क्यांइतका वेळ का लागतो?

उत्तर : कारण तो टक्का कशाचा, हे काम किती झाले ते दाखवणाऱ्या पडद्यावरच्या पट्टीवर लिहिलेले नसते. आपण तो वेळेचा समजतो. प्रोग्रॅमने मोजलेल्या असतात बहुधा फायली किंवा बाइट, म्हणजे मजकूर मोजायची लहान एकके. १०० फायलींपैकी ९९ लहान असतील आणि शेवटची मोठी असेल, तर ९९ हा आकडा खराच असतो. शिवाय सर्व मजकूर आल्यावर तो डिस्कवर खरोखर उतरवणे, तो शाबूत आला की नाही हे तपासणे, जुनी प्रत हटवणे ही कामे मोजदादीत धरलेलीच नसतात. ब्रॅड मायर्स यांनी १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी पट्टी दिसलेली माणसांना आवडते, असे आढळले होते, आणि ते मला पटते, कारण काम चालू आहे एवढा दिलासाही थोडा नसतो. तरीही माझ्या प्रोग्रॅममध्ये मी शेवटच्या टप्प्यावर आकड्याऐवजी ‘आता तपासणी चालू आहे’ असे स्पष्ट लिहितो.

प्रश्न : मी नववीत आहे. प्रोग्रॅमिंग शिकताना ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली, तर उत्तर ०.३००००००००००००००००४ असे आले. संगणकाला बेरीज येत नाही का?

उत्तर : तुझे निरीक्षण फार चांगले आहे, आणि बेरीज करून थांबला नाहीस, उत्तर नीट वाचलेस, याचे मला विशेष कौतुक वाटते. (पत्रात शून्ये थोडी जास्त झाली आहेत, ३ आणि ४ यांच्या मध्ये १५ शून्ये असतात.) आधी एक भागिले तीन हा भागाकार दशांशात लिहून पाहा. ०.३३३ असे कितीही लिहिलेस तरी ते संपत नाही, आणि कुठेतरी थांबलास की तेवढी चूक पदरात पडते. संगणक ० आणि १ हे दोनच अंक वापरतो, आणि त्याच्या पद्धतीत एक दशांश ही संख्या अशीच न संपणारी आहे. अर्धा, पाव, अष्टमांश या संख्या त्याला तंतोतंत लिहिता येतात, कारण त्यांचे छेद दोनाच्या पटीत दुप्पट होत गेलेले आहेत. दहामध्ये पाचाचा अवयव येतो आणि तिथे गाडी अडते. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या प्रमाणानुसार नेहमीच्या अपूर्णांकासाठी संगणक असे ५३ द्विमान अंक, म्हणजे बिट, राखतो आणि तेवढ्यांत बसणारी सर्वांत जवळची किंमत घेतो. त्यात पडलेला कणभर फरक बेरजेत तुला दिसला. ०.५ आणि ०.२५ यांची बेरीज करून पाहा. ती अचूक येईल. म्हणूनच पैशांचा हिशेब लिहिताना जाणते प्रोग्रॅमर सर्वांत लहान नाण्याच्या एककात पूर्णांकच वापरतात, किंवा दशांशासाठी मुद्दाम बनवलेला प्रकार निवडतात.

तू अजून लहान आहेस, तरी पुढची घटना मी तुझ्यापासून लपवत नाही. १९९१ च्या आखाती युद्धात सौदी अरेबियातील दाहरान येथे पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवलेली होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश भाग मोजत असे, आणि हा एक दशांश २४ अंकांपुरता कापून साठवलेला होता. एका मोजणीत चूक नगण्य होती. यंत्रणा सलग सुमारे १०० तास चालू राहिली, तेव्हा ती साचत साचत सेकंदाच्या सुमारे एक तृतीयांश भागाएवढी झाली, आणि तेवढ्या अवधीत येणारे क्षेपणास्त्र अर्ध्या किलोमीटरहून अधिक अंतर कापते. यंत्रणा आकाशात चुकीच्या जागी पाहत राहिली. २५ फेब्रुवारीला तिथे २८ सैनिक मृत्युमुखी पडले. दुरुस्त केलेले सॉफ्टवेअर दाहरानला पोहोचले ते दुसऱ्या दिवशी.

या घटनेच्या चौकशी अहवालातील एक तपशील मला आजही अस्वस्थ करतो. चार दिवस आधी, २१ फेब्रुवारीला, यंत्रणा वापरणाऱ्यांना एक संदेश गेला होता, की ती फार वेळ सलग चालवल्यास नेम सरकू शकतो. ‘फार वेळ’ म्हणजे किती तास, हे त्या संदेशात नव्हते. पाठवणाऱ्यांनी धरून चालले होते, की इतका वेळ सलग कोणी ती चालवणारच नाही. मधूनमधून यंत्रणा बंद करून पुन्हा चालू केली असती, तर घड्याळ शून्यावर आले असते. प्रोग्रॅममधली चूक अपूर्णांकाची होती. संदेशातली चूक मराठीत, इंग्रजीत, कोणत्याही भाषेत होऊ शकते अशी होती. तू पुढे प्रोग्रॅमर झालास, तर सूचना लिहिताना ‘फार’, ‘लवकर’, ‘मोठे’ असे शब्द आले की तिथे आकडा घाल.

प्रश्न : प्रोग्रॅममधल्या चुकीला ‘बग’ म्हणजे किडा का म्हणतात?

उत्तर : ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठातील मार्क टू या संगणकाच्या एका रिलेत, म्हणजे विजेवर चालणाऱ्या स्विचमध्ये, पतंग हा उडणारा किडा अडकलेला सापडला. तंत्रज्ञांनी तो नोंदवहीत चिकटवला आणि खाली ‘बग प्रत्यक्ष सापडल्याचा पहिलाच प्रसंग’ अशा अर्थाची नोंद केली. ‘प्रत्यक्ष’ या शब्दात सारे आले: यंत्रातील दोषाला बग म्हणण्याची रीत आधीपासूनच होती, आणि एडिसन यांनी १८७८ साली एका पत्रात हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे. त्या चमूतील ग्रेस हॉपर हा किस्सा पुढे आवडीने सांगत, त्यामुळे तो जगभर पसरला. पतंगासह ते पान आजही स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात जपून ठेवलेले आहे.

प्रश्न : माझे पती प्रोग्रॅमर आहेत. ‘पाच मिनिटांत येतो’ म्हणतात आणि दीड तास उठत नाहीत. ते खोटे बोलतात, असे मला वाटत नाही. मग हे काय आहे?

उत्तर : ताई, आपण त्यांच्यावर ठेवलेला विश्वास योग्य आहे. ते म्हणतात ती पाच मिनिटे त्यांना त्या क्षणी माहीत असलेल्या कामाची असतात. एक ओळ बदलायची आहे, ती बदलायला खरोखर पाच मिनिटे पुरतात. ती बदलल्यावर दुसरीकडे काहीतरी मोडते, कारण त्या ओळीवर आणखी एक भाग अवलंबून आहे हे कोणी लिहून ठेवलेले नव्हते. तो भाग पाहू जावे, तर तो पाच वर्षांपूर्वी दुसऱ्या कोणीतरी लिहिलेला असतो, आणि त्याने असे का केले असावे याचा शोध सुरू होतो. कामाचा वेळ थोडा आणि शोधाचा वेळ मोठा, असे आमच्या व्यवसायात रोज घडते, आणि शोधाला किती वेळ लागेल हे सापडल्यावरच कळते.

दुसरे कारण डोक्यात धरून ठेवण्याचे आहे. गुंतागुंतीचा दोष शोधताना माणसाने पाचसात गोष्टी एकाच वेळी मनात धरलेल्या असतात: ही संख्या इथे ऋण झाली, ती त्या यादीतून आली, यादी रात्री बदलते. अशा वेळी उठले की ते सगळे विस्कटते आणि परत आल्यावर पहिल्यापासून जुळवावे लागते. म्हणून माणूस ‘एवढे धरलेय तोवर संपवूनच उठू’ असे म्हणतो.

ही अडचण एकट्यादुकट्याची नाही. आयबीएमच्या एका अतिशय मोठ्या सॉफ्टवेअर प्रकल्पाचे नेतृत्व केलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ साली लिहिले, की उशीर झालेल्या प्रकल्पावर आणखी माणसे नेमली तर त्याला अधिकच उशीर होतो. नव्या माणसांना शिकवण्यात जुन्यांचा वेळ जातो, आणि माणसे वाढतात त्याहून झपाट्याने त्यांच्यातल्या बोलण्याच्या जोड्या वाढतात: पाच जणांत १० जोड्या होतात, दहा जणांत ४५. प्रत्येक जोडीत काही ना काही सांगायचे राहून जाण्याची शक्यता असतेच.

घरात मात्र हे सारे स्पष्टीकरण जेवणाचे ताट वाढून बसलेल्या माणसाला पुरेसे नाही, आणि पुरेसे असूही नये. आमच्या घरी आम्ही ‘किती वेळ लागेल’ हा प्रश्नच सोडून दिला. त्याऐवजी पत्नी विचारते, ‘काय करायचे ते कळले आहे, की अजून शोधतो आहेस?’ पहिले उत्तर आले तर ती थांबते. दुसरे आले, तर मी हाताशी असलेल्या कागदावर मनातल्या त्या पाचसात गोष्टी लिहितो आणि उठतो. कागदावर उतरवायला तीन मिनिटे लागतात, आणि कित्येकदा लिहिता लिहिताच चूक सापडते. हे आपल्या घरीही करून पाहावे.

प्रश्न : मोबाइलवरून इंग्रजी एसएमएस १६० अक्षरांचा जातो आणि मराठीत लिहिला की लगेच दोन संदेश होतात. शिवाय जोडाक्षर पुसताना कधी अर्धेच पुसले जाते. मराठीशी हा दुजाभाव का?

उत्तर : प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. एका एसएमएससाठी १४० बाइट, म्हणजे १,१२० बिट, एवढी जागा ठरलेली आहे. इंग्रजी अक्षरे आणि काही युरोपीय चिन्हे यांच्यासाठी दर अक्षराला ७ बिट पुरतात, म्हणून १६० अक्षरे मावतात. या यादीत नसलेले एक जरी अक्षर आले, तरी पूर्ण संदेशच दर अक्षराला १६ बिट लागणाऱ्या पद्धतीत पाठवावा लागतो, आणि मग ७० चिन्हेच मावतात. इंग्रजी संदेशाच्या शेवटी एखादे हसरे चित्र टाकले तरी हेच घडते. संदेश ७० च्या पुढे गेला की तुकडे जोडण्याच्या खुणांना जागा द्यावी लागते आणि प्रत्येक तुकड्यात ६७ चिन्हे उरतात.

ही ७० देखील आपण मोजतो ती अक्षरे नव्हेत. ‘नमस्कार’ हा शब्द कानाला चार अक्षरांचा आहे. संगणकात तो न, म, स, हलन्ताची खूण, क, काना आणि र अशा सात चिन्हांनी साठवला जातो. ‘क्षी’ हे एक अक्षर लिहायला क, हलन्त, ष आणि दीर्घ वेलांटी अशी चार चिन्हे लागतात. आता ‘क्षी’ पुसताना यंत्राने सबंध अक्षर काढावे, की शेवटची वेलांटी तेवढी काढावी? कोणी ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त करायला पुसतो, कोणी अक्षरच चुकले म्हणून पुसतो. प्रत्येक प्रोग्रॅमच्या कर्त्याने आपल्याला जे उघड वाटले ते केले, आणि म्हणून एका ठिकाणी एक अनुभव येतो, दुसऱ्या ठिकाणी दुसरा.

दुजाभाव मात्र दरवेळी झालेला नाही, हेही सांगायला हवे. मराठीत ‘आचार्यांना’ बोलावले तर गुरुजन येतात आणि ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर स्वयंपाकी. फरक केवळ रफार आणि अर्ध्या चंद्रासारखी ती आडवी खूण यांचा आहे. १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालेल्या युनिकोड या जागतिक प्रमाणात या दोन्हींची सोय आहे: साध्या र ला हलन्त जोडून य लिहिला की रफार येतो, आणि खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त जोडून य लिहिला की ‘ऱ्य’ उमटतो. मराठी लिहिणाऱ्यांना हे दोन शब्द वेगळे वाचता आले पाहिजेत, असा विचार त्या प्रमाणात झालेला आहे, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ एकाखाली एक लिहून पाहताना मला अजूनही आनंद होतो. आपल्या फोनच्या कळफलकावर ऱ नसेल, तर तो बदलून घ्यावा. नाहीतर आपल्या समारंभाला भलतेच पाहुणे येतील.

प्रश्न : सन २००० उजाडताना संगणक कोलमडतील, अशी केवढी भीती घातली होती. प्रत्यक्षात फारसे काही झाले नाही. तो सारा गाजावाजा व्यर्थच होता ना?

उत्तर : या मताशी मी मुळीच सहमत नाही. जुन्या काळी मेमरी अतिशय महाग असल्याने सालाचे शेवटचे दोनच अंक साठवले जात, आणि ‘१९’ हे सगळ्यांना उघडच होते. आपला प्रोग्रॅम शतक ओलांडेपर्यंत वापरात राहील, असे लिहिणाऱ्यांना वाटले नव्हते; तो राहिला. ‘००’ म्हणजे १९०० की २००० हे यंत्राला कोणी सांगितलेले नव्हते. ते सांगण्यासाठी जगभरातल्या प्रोग्रॅमरांनी जुन्या प्रोग्रॅमच्या असंख्य ओळी वर्षानुवर्षे बसून तपासल्या. काही झाले नाही, कारण काही होऊ नये म्हणून आधी काम झाले होते.

अशीच आणखी एक तारीख पुढे आहे. युनिक्स ही संगणक चालवणारी मूळ प्रणाली आणि तिच्या वळणावर घडलेल्या लिनक्ससारख्या प्रणाली यांत वेळ मोजला जातो तो १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत. हा आकडा ३२ बिटांत साठवला असेल, तर त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. १९ जानेवारी २०३८ रोजी जागतिक प्रमाणवेळेनुसार पहाटे ३ वाजून १४ मिनिटे ७ सेकंदांनी ती गाठली जाईल, आणि पुढच्याच सेकंदाला असे घड्याळ १३ डिसेंबर १९०१ ही तारीख दाखवू लागेल. आकड्याला ६४ बिट दिले की २९ हजार कोटी वर्षांची निश्चिंती होते. आजचे बहुतेक संगणक आणि फोन तसे करतात, आणि ३२ बिटांच्या यंत्रांसाठी लिनक्सच्या गाभ्यातही २०२० साली ही सोय पूर्ण झाली.

काळजी आहे ती भिंतीत, वाहनांत, कारखान्यांत बसवलेल्या लहान उपकरणांची, जी एकदा बसवली की १५–२० वर्षे कोणी उघडून पाहत नाही. ती आजही नव्याने बसवली जात आहेत. माझ्याकडे तपासणीसाठी येणाऱ्या प्रत्येक उपकरणाचे घड्याळ मी १९ जानेवारी २०३८ च्या पहाटे ३ वाजून १३ मिनिटांवर लावतो आणि दोन मिनिटे शेजारी बसून पाहतो. या क्षेत्रात काम करणाऱ्या वाचकांनी आपापल्या उपकरणावर हे करून पाहावे आणि काय दिसले ते कळवावे. आलेली उत्तरे पुढच्या अंकात घेईन.